जीएम पिकाखालच्या मातीतील जीवांची पाहणी कशी करावी

जनुकीय सुधारित, म्हणजेच जीएम, पीक शेतात उभे राहिले की बोलणे होते ते पानांवरच्या अळ्यांविषयी आणि उत्पादनाविषयी. जमिनीच्या वरच्या वीतभर थरात राहणाऱ्या गांडुळांचे, स्प्रिंगटेलचे (बारीक, पंख नसलेले, उडी मारणारे जीव), माइटचे (कोळ्यांच्या वर्गातले बारीक जीव) आणि सूत्रकृमींचे (दोऱ्यासारखे सूक्ष्म कृमी) काय होते, हा प्रश्न क्वचित विचारला जातो आणि विचारला गेलाच तर त्याचे उत्तर घाईने दिले जाते. बीटी पिकामुळे, म्हणजे अळ्यांना मारणारे जिवाणूचे प्रथिन स्वतः तयार करणाऱ्या जीएम पिकामुळे, गांडुळे मरतात, असे एक जण ठामपणे सांगतो. मातीवर काहीही परिणाम होत नाही, असे दुसरा तितक्याच ठामपणे सांगतो. कोणते पीक, त्यातले कोणते प्रथिन, कोणता जीव आणि तुलना कशाशी, या चार गोष्टी सांगितल्याशिवाय या दोन्ही विधानांना अर्थ नाही. ही पाहणी स्वतः करू इच्छिणाऱ्या कृषी आणि प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी, त्यांच्या शिक्षकांसाठी आणि आपल्या जमिनीची काळजी असलेल्या शेतकरी गटांसाठी पुढील मार्गदर्शन लिहिले आहे. लागणारी साधने बहुतांशी साधी आहेत. अवघड आहे ते तुलना नीट जुळवणे, आणि म्हणूनच या लेखाचा मोठा भाग तिच्यासाठी दिला आहे.

प्रश्न आधी कागदावर उतरवावा

कुदळ हातात घेण्यापूर्वी आपण नेमके काय शोधत आहोत ते एका वाक्यात लिहून काढावे आणि त्यासाठी पिकात घातलेले जनुक काय काम करते ते समजून घ्यावे. बीटी पिकांमध्ये बॅसिलस थुरिन्जिएन्सिस या मातीत आढळणाऱ्या जिवाणूचे जनुक घातलेले असते आणि त्यामुळे वनस्पती स्वतःच क्राय नावाचे प्रथिन तयार करते. क्राय१ गटातील प्रथिने मुख्यतः पतंगवर्गीय अळ्यांवर काम करतात, तर क्राय३ गटातील प्रथिने भुंगेरावर्गीय कीटकांवर. अळीच्या आतड्यात हे प्रथिन विरघळते, पाचकरसांमुळे त्याचा काही भाग कापला जातो, उरलेला सक्रिय तुकडा आतड्याच्या पेशींवरील विशिष्ट ग्राहींना चिकटतो आणि पेशींना छिद्रे पडतात. ज्या प्राण्याच्या आतड्यात असे ग्राही नाहीत, त्याला थेट इजा होण्याची शक्यता कमी असते. मात्र जिवाणूमध्ये हे प्रथिन निष्क्रिय आणि लांब स्वरूपात असते, तर अनेक बीटी वाणांमध्ये ते आधीच आखूड केलेले, सक्रिय रूपाच्या जवळचे असते. त्यामुळे ‘हा जिवाणू मातीत पूर्वीपासून आहेच’ एवढे म्हणून पाहणी टाळता येत नाही.

त्यानंतर हे प्रथिन मातीत कोणत्या वाटेने पोहोचते ते पाहावे. वाटा तीन आहेत: जिवंत मुळांचे स्राव, गळणारे परागकण आणि काढणीनंतर शेतात राहणारी धसकटे व पाला. बीटी मक्याच्या मुळांतून क्राय१ गटातील क्राय१एबी हे प्रथिन बाहेर पडते, हे न्यूयॉर्क विद्यापीठातील गुंथर स्टॉट्झ्की यांच्या गटाने १९९९ साली दाखवले. त्याच गटाच्या १९९८ मधील कामानुसार मातीत मिसळलेल्या प्रथिनाची कीटक मारण्याची क्षमता २३४ दिवसांनंतरही, म्हणजे त्या प्रयोगाच्या शेवटपर्यंत, टिकून होती, कारण चिकणमातीच्या कणांना आणि ह्युमिक आम्लांना (कुजलेल्या पदार्थांतून बनणाऱ्या आम्लांना) चिकटलेले प्रथिन जिवाणूंना सहजासहजी खाता येत नाही. पण सर्व पिके सारखी नसतात. याच गटाला २००४ मध्ये बीटी मका, भात आणि बटाटा यांच्या मुळांतून प्रथिन स्रवताना आढळले, तर कपाशी, कॅनोला आणि तंबाखू यांच्या मुळांतून ते आढळले नाही. मक्यात मुळांलगतची माती तपासणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. कपाशीत गाडलेल्या पानांवर आणि पऱ्हाट्यांवर अधिक लक्ष द्यावे लागते.

एवढे समजल्यावर प्रश्न आपोआप नेमका होतो. ‘बीटीचा मातीवर काय परिणाम होतो?’ या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पाहणीतून मिळणार नाही. ‘क्राय१एबी असलेल्या मक्याची धसकटे जमिनीत गाडल्यानंतर सहा महिन्यांत, वरच्या २५ सेंटिमीटर थरातील गांडुळांच्या पिल्लांची संख्या त्याच वाणाच्या बिगर-बीटी रूपाच्या तुलनेत घटते का?’ या प्रश्नाचे उत्तर मिळू शकते.

जनुक आणि त्याच्यासोबत येणारी शेती

या विषयावर होणारे बहुतेक वाद येथे अडकतात, असे माझे मत आहे. जीएम पीक कधीच एकटे येत नाही. त्याच्यासोबत वेगळे फवारणीचे वेळापत्रक, वेगळी बीजप्रक्रिया आणि कधी कधी वेगळी मशागतही येते. शेजारच्या शेतातला वेगळाच वाण, वेगळे खत आणि वेगळी फवारणी यांच्याशी तुलना केली, तर दिसणारा फरक कशामुळे पडला हे कधीच सांगता येणार नाही. त्यासाठी तुलनेचा वाण असा हवा की घातलेले जनुक सोडले तर त्याची जनुकरचना जीएम वाणाशी जवळजवळ सारखी असेल. असा जोड-वाण मिळत नसेल, तर किमान दोन-तीन वेगवेगळे बिगर-जीएम वाण सोबत लावावेत, म्हणजे वाणावाणांत मुळातच किती फरक असतो ते कळेल आणि जीएम वाण त्या पट्ट्याच्या आत पडतो की बाहेर, हे पाहता येईल.

फवारणीचा प्रश्न याहून अधिक नाजूक आहे. सायन्स या नियतकालिकात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात बीटी कपाशी आणि बीटी मका यांच्या ४२ क्षेत्रीय प्रयोगांतील आकडे एकत्र केले होते. कीटकनाशक फवारलेल्या साध्या पिकाशी तुलना केल्यावर बीटी शेतात लक्ष्य नसलेले अपृष्ठवंशीय प्राणी सर्वसाधारणपणे अधिक आढळले. पण कोणतीही फवारणी न केलेल्या साध्या पिकाशी तुलना केल्यावर त्यांपैकी काही गट बीटी शेतात कमी आढळले. आकडे तेच होते, तरी दोन तुलनांनी दोन वेगळी उत्तरे दिली आणि दोन्ही बरोबर होती. म्हणून शक्य असेल तेथे चार प्रकारचे वाफे ठेवावेत: बीटी वाण फवारणीसह, बीटी वाण फवारणीविना, जोड-वाण फवारणीसह आणि जोड-वाण फवारणीविना. चार वाफे परवडत नसतील, तर आपण कोणती तुलना केली आणि कोणती केली नाही हे अहवालाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावे.

तणनाशक सहन करणाऱ्या पिकांत ही गोष्ट आणखी ठळक दिसते. अशा पिकात जनुकाचे प्रथिन कोणत्याही किड्याला मारण्यासाठी नसते. बदलते ते तणांचे व्यवस्थापन. ब्रिटनमध्ये २००० पासून सुरू झालेल्या आणि २००३ मध्ये पहिले निष्कर्ष जाहीर झालेल्या मोठ्या क्षेत्रीय चाचण्यांमध्ये बीट, मका आणि मोहरीवर्गीय तेलबिया यांची प्रत्येकी सुमारे ६० शेते घेण्यात आली आणि प्रत्येक शेताच्या एका अर्ध्यात जीएम व दुसऱ्या अर्ध्यात साधे पीक लावण्यात आले. जीएम अर्ध्यात तणनाशक उशिरा, मोठ्या झालेल्या तणांवर फवारले गेले, त्यामुळे कुजायला अधिक काडीकचरा मिळाला आणि तो खाणाऱ्या स्प्रिंगटेलची संख्या वाढली. दुसरीकडे, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका हरितगृहातील प्रयोगात ग्लायफोसेटयुक्त तणनाशक फवारल्यानंतर सुमारे तीन आठवड्यांत, खोल बिळे करून पृष्ठभागावर विष्ठेचे छोटे ढीग टाकणाऱ्या गांडुळांची ही क्रिया जवळजवळ थांबली. त्या प्रयोगात जीएम पीक मुळीच नव्हते. शेतात असा बदल दिसला, तर तो जनुकाच्या नावावर लिहिण्याआधी फवारणीची नोंदवही उघडावी.

बीजप्रक्रियेकडे तर सर्रास दुर्लक्ष होते. निओनिकोटिनॉइड गटातील कीटकनाशकाचा लेप असलेले बियाणे एका वाफ्यात आणि लेप नसलेले दुसऱ्या वाफ्यात पेरले गेले, तर पाहणी तिथेच संपली असे समजावे, कारण हे द्रव्य थेट मातीत उतरते आणि मातीतल्या संधिपाद (कीटक, माइट यांसारख्या सांधेदार पायांच्या) प्राण्यांना घातक असते. पेरणीआधी दोन्ही बियाण्यांच्या पिशव्यांवरील मजकूर वाचून तो जसाच्या तसा उतरवून घ्यावा.

मान्यता नसलेले जीएम बियाणे केवळ प्रयोगासाठी म्हणून पेरू नये. आपल्या देशाच्या जैवसुरक्षा यंत्रणेची परवानगी लागते, आणि परवानगी असलेल्या शेतातूनही बियाणे किंवा अवशेष बाहेर नेताना तिचे नियम पाळावे लागतात.

कोणत्या जीवांवर लक्ष ठेवावे

सर्व काही मोजण्याचा मोह आवरावा. तीन किंवा चार गट नीट मोजलेले बरे, आणि ते निवडताना दोन कसोट्या लावाव्यात: हा जीव त्या प्रथिनाच्या वाटेत येतो का, आणि तो मातीसाठी काय काम करतो. गांडुळे धसकटे आणि माती दोन्ही खातात, म्हणून ती जवळजवळ नेहमीच यादीत असावीत. पण पालापाचोळ्यात राहणारी, मातीच्या वरच्या थरात आडवी बिळे करणारी आणि खोल उभी बिळे करणारी असे तिन्ही प्रकार वेगळे मोजावेत, कारण पृष्ठभागावरचा पाला ओढून नेणाऱ्या गांडुळाला मिळणारी मात्रा आणि माती गिळणाऱ्या गांडुळाला मिळणारी मात्रा एक नसते. स्प्रिंगटेल आणि माइट हे बुरशी व कुजकट पदार्थ खातात आणि त्यांची संख्या मोठी असल्याने आकडेशास्त्राला उपयोगी पडते. सूत्रकृमींमध्ये जिवाणू खाणारे, बुरशी खाणारे, मुळे शोषणारे आणि शिकारी असे गट तोंडाच्या रचनेवरून ओळखता येतात. एकूण संख्या तीच राहूनही या गटांचे प्रमाण बदलू शकते, म्हणून फक्त एकूण बेरजेवर थांबू नये.

क्राय३ गटातील प्रथिन असलेल्या पिकात जमिनीवर फिरणारे भुंगेरे आणि त्यांच्या मातीतल्या अळ्या यांना पहिले स्थान द्यावे, कारण प्रथिन ज्या वर्गासाठी बनलेले आहे त्याच वर्गातले ते जीव आहेत.

वाफे, पुनरावृत्ती आणि वेळ

मातीतले जीव एकसारखे पसरलेले नसतात. एका ढेकळाखाली दहा गांडुळे आणि हातभर अंतरावर एकही नाही, हे नेहमीचे दृश्य आहे. त्यामुळे एक मोठा बीटी वाफा आणि एक मोठा साधा वाफा घेऊन प्रत्येकातून वीस नमुने काढले, तर ते वीस नमुने म्हणजे वीस पुनरावृत्त्या नव्हेत. ती एकच पुनरावृत्ती वीस वेळा मोजल्यासारखे होते. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीकडे पर्यावरणशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले, तरी ती आजही होते. प्रत्येक प्रकारचे किमान सहा, शक्यतो आठ किंवा अधिक, स्वतंत्र वाफे असावेत आणि शेताचा उतार, पाण्याचा निचरा किंवा बांधाची सावली लक्षात घेऊन त्यांचे गट पाडून प्रत्येक गटात सर्व प्रकार चिठ्ठ्या टाकून बसवावेत. वाफे पुरेसे रुंद ठेवून नमुने फक्त मधल्या भागातून घ्यावेत, कारण स्प्रिंगटेल आणि भुंगेरे वाफ्याची सीमा ओलांडतात.

पेरणीपूर्वीची एक मोजणी कधीही वगळू नये. एखाद्या वाफ्यात सुरुवातीलाच गांडुळे कमी होती हे नंतर कोणत्याही गणिताने शोधता येत नाही. त्यानंतर पीक फुलोऱ्यात असताना, काढणीनंतर लगेच आणि धसकटे गाडल्यानंतर साधारण तीन व सहा महिन्यांनी मोजणी करावी. नमुने घेताना जमीन वाफशावर असावी. कोरड्या जमिनीत गांडुळे खोल जाऊन वेटोळे करून पडून राहतात आणि चिखलात हाताने वेचणे अशक्य होते. सर्व वाफ्यांचे नमुने एक-दोन दिवसांत पूर्ण करावेत आणि प्रत्येक वेळी मातीतील ओलावा, तापमान व सामू यांची नोंद करावी.

उगवण झाल्यावर प्रत्येक वाफ्यातील काही पाने बीटी तपासणीच्या पट्टीवर तपासून घ्यावीत, साध्या वाफ्यांतलीही. बियाण्यात भेसळ असते, आणि ती हंगामाच्या शेवटी कळण्यापेक्षा तिसऱ्या आठवड्यात कळलेली बरी.

मातीतून जीव काढणे

गांडुळांसाठी २५ सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि २५ ते ३० सेंटिमीटर खोल असा मातीचा चौकोनी ठोकळा धारदार फावड्याने चारही बाजूंनी झटकन कापून काढावा. झटकन, कारण जमिनीला हादरे बसताच खोल बिळांत राहणारी गांडुळे काही क्षणांत खाली सरकतात. ठोकळा पांढऱ्या ट्रेवर ठेवून तो वरून खाली, मुठीएवढ्या ढेकळांत फोडत जावे. प्रत्येक ढेकूळ बोटांनी दाबून चिरडण्याऐवजी त्याच्या नैसर्गिक भेगांवरून उघडावे; आत बारीक मुळांच्या जाळ्यात गुंडाळलेले, दोऱ्याएवढे पांढुरके पिल्लू दिसते आणि त्याच्याजवळच तांदळाच्या दाण्याहून लहान, पिवळसर, टोकाला निमुळते कोष सापडतात. ही पिल्ले आणि कोष घाईच्या मोजणीत हमखास सुटतात, आणि नेमकी तीच पुढच्या पिढीची नोंद असते. खड्ड्याच्या तळात मोहरीच्या पुडीचे पाणी ओतल्यास खोलवरची गांडुळे पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत वर येतात. त्यांना लगेच स्वच्छ पाण्यात धुवावे. पूर्वी यासाठी फॉर्मलिन वापरत असत. ते माणसाला आणि मातीला दोघांनाही अपायकारक असल्याने टाळावे.

शरीराच्या पुढच्या भागावर जाड पट्टा असलेली गांडुळे प्रौढ समजावीत आणि पिल्लांपासून वेगळी मोजावीत. वजन घेताना पोटातली मातीही मोजली जाते हे लक्षात ठेवून, शक्य असल्यास ती ओलसर गाळणकागदावर एक दिवस ठेवून मगच तोलावीत.

स्प्रिंगटेल आणि माइट यांच्यासाठी बर्लेझ-टुलग्रेन नरसाळे वापरतात. इटलीचे अँटोनियो बर्लेझे यांनी १९०५ मध्ये मांडलेली ही कल्पना स्वीडनच्या आल्बर्ट टुलग्रेन यांनी १९१८ मध्ये विजेच्या दिव्याने सुधारली. सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाचा आणि तितकाच खोल मातीचा गाभा न मोडता काढावा आणि जाळीवर उलटा ठेवावा, म्हणजे पृष्ठभागाची बाजू खाली येईल. वरच्या थरातील मोठ्या पोकळ्या खाली आल्याने जीवांना बाहेर पडायला वाट सोपी होते. वर दिवा, खाली ७० टक्के अल्कोहोलची बाटली. माती वरून तापत आणि सुकत जाते, तसतसे जीव ओलाव्याकडे, म्हणजे खाली, सरकतात आणि बाटलीत पडतात.

यातली एक चूक मी स्वतः केली आहे आणि ती सांगणे मला आवश्यक वाटते. माझ्या पहिल्या हंगामात सोयीसाठी बीटी वाफ्यांचे सर्व नमुने एका फळीवर आणि साध्या वाफ्यांचे दुसऱ्या फळीवर ठेवले होते, आणि दिवे पहिल्याच दिवशी पूर्ण प्रखर लावले होते. बीटीच्या बाटल्यांत माइट जवळजवळ निम्मे निघाले. मोठा परिणाम सापडला असे समजून आम्ही तो लिहायलाही घेतला होता. मग एका सहकाऱ्याने ती फळी दिव्यांच्या जास्त जवळ असल्याचे दाखवले. गाभे फोडून पाहिले तेव्हा बाहेरून विटेसारखे कडक झालेल्या मातीच्या आत मेलेले, सुकलेले जीव तसेच होते. त्यांना बाहेर पडायला वेळच मिळाला नव्हता. तेव्हापासून दिव्याचा प्रकाश पाच ते सात दिवसांत हळूहळू वाढवतो, नमुन्यांना फक्त क्रमांक देतो आणि नरसाळ्यांवरची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवतो. मोजणाऱ्या व्यक्तीला कोणता क्रमांक कोणत्या वाफ्याचा हे मोजणी संपेपर्यंत कळू नये, हा नियमही तेव्हाच घालून घेतला.

सूत्रकृमींसाठी बाअरमन नरसाळे पुरते: मलमलीत किंवा पातळ कागदात गुंडाळलेली माती पाण्याला टेकवून एक ते दोन दिवस ठेवली की जिवंत सूत्रकृमी वळवळत पाण्यात उतरतात आणि तळाशी जमतात. हे केवळ हालचाल करणाऱ्यांनाच पकडते, म्हणून माती फ्रिजमध्ये फार दिवस ठेवून मग काढू नये.

संख्येसोबत कामही मोजता येते. बेट-लॅमिना म्हणजे १६ बारीक छिद्रे असलेली प्लास्टिकची पट्टी. छिद्रांत सेल्युलोज, कोंडा आणि थोडा कोळसा यांचे मिश्रण भरून ती जमिनीत उभी खोचतात आणि एक ते दोन आठवड्यांनी किती छिद्रे रिकामी झाली ते मोजतात. याच्या जोडीला वेगवेगळ्या जाळीच्या पिशव्यांत वाळवलेला, तोललेला पाला पुरावा. मोठ्या छिद्रांच्या पिशवीत गांडुळे शिरतात, बारीक जाळीच्या पिशवीत फक्त सूक्ष्मजीव पोहोचतात; दोन्हींतला फरक म्हणजे प्राण्यांनी केलेले काम. बीटी आणि साधा पाला दोन्ही प्रकारच्या वाफ्यांत आलटून-पालटून पुरला, तर पाल्याचा परिणाम आणि वाफ्याचा परिणाम वेगळा करता येतो. मला ही जोडणी फार उपयुक्त वाटते आणि ती कमी वापरली जाते याचे वाईट वाटते.

प्रयोगशाळेतील जोड-चाचणी

शेतात फरक दिसला, तर त्याचे कारण बरण्यांत तपासावे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २३२ क्रमांकाच्या प्रमाणित पद्धतीत फोल्सोमिया कँडिडा हे पांढरे, डोळे नसलेले स्प्रिंगटेल वापरतात. यातील माद्या नराविना पिल्ले देतात, त्यामुळे सर्व प्राणी सारखे मिळतात. ९ ते १२ दिवसांची १० पिल्ले प्रत्येक बरणीत सोडून २८ दिवसांनी जन्मलेली पिल्ले मोजतात. नियंत्रण बरणीत सरासरी १०० पिल्ले झाली नाहीत किंवा २० टक्क्यांहून अधिक प्रौढ मेले, तर चाचणीच बाद धरतात. गांडुळांसाठीच्या २२२ क्रमांकाच्या पद्धतीत प्रौढ २८ दिवसांनी काढून घेतात आणि पिल्लांसाठी आणखी २८ दिवस थांबतात. तिच्यात सहसा वापरले जाणारे आयसेनिया हे खतखड्ड्यातले गांडूळ आहे, शेतातले नाही. शक्य असेल तर आपल्याच शेतातील जात सोबत घ्यावी. एका संचात घातक म्हणून आधीच ठाऊक असलेले द्रव्य, स्प्रिंगटेलसाठी सहसा बोरिक आम्ल, मुद्दाम घालावे. त्या संचातही परिणाम दिसला नाही, तर आपली चाचणी परिणाम दाखवण्यास समर्थ नव्हती.

कालावधीबाबत तडजोड करू नये. लुम्ब्रिकस टेरेस्ट्रिस या गांडुळाला बीटी मक्याचा पाला २०० दिवस खायला दिलेल्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रौढांचे वजन सुरुवातीच्या तुलनेत १८ टक्के घटले, तर साधा पाला खाणाऱ्यांचे ४ टक्के वाढले. हा फरक सुरुवातीच्या महिन्यांत दिसला नव्हता. त्याआधी, २००१ साली, स्टॉट्झ्की यांच्या गटाने सुमारे दीड महिन्याच्या निरीक्षणात गांडुळांवर काहीच परिणाम नसल्याचे नोंदवले होते. या दोन निष्कर्षांत विरोध नाही, घड्याळ वेगळे आहे. पाल्याचे पोषणमूल्य वेगळे होते की प्रथिन कारणीभूत होते, हे केवळ वजनावरून ठरत नाही. त्यासाठी साध्या पाल्यात शुद्ध प्रथिन मिसळलेला तिसरा संच लागतो.

मात्रेचीही नोंद हवी. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या सूत्रकृमीला शुद्ध क्राय१एबी जास्त मात्रेत दिल्यावर त्याची वाढ आणि प्रजनन घटते, पण शेतातील मातीत मोजलेली मात्रा त्याहून फार कमी असते. प्रथिन एलायझा या प्रतिपिंडांवर आधारित चाचणीने मोजता येते. चिकणमातीतून ते पूर्ण सुटून येत नाही, म्हणून आधी त्याच मातीत ठरावीक मात्रा मिसळून त्यातील किती परत मिळते ते तपासावे आणि शक्य असेल तर संवेदनशील अळीला ती माती चारून सक्रियताही पाहावी.

आकडे वाचताना

मोजणी सुरू होण्यापूर्वीच किती मोठा फरक महत्त्वाचा मानायचा ते ठरवावे, उदाहरणार्थ गांडुळांच्या संख्येत तिसऱ्या हिश्श्याची घट. मग आपल्या वाफ्यांच्या संख्येवर एवढा फरक पकडता येईल का, हे प्राथमिक मोजणीतील चढउतारांवरून काढावे. ‘फरक आढळला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. चार वाफ्यांच्या पाहणीतून निघालेले पहिले वाक्य दुसऱ्यासारखे वापरले जाते, ते मातीवरही अन्याय करणारे आहे आणि पिकावरही. म्हणून केवळ ‘सार्थ’ (निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता कमी असलेला फरक) किंवा ‘असार्थ’ न लिहिता फरकाचा अंदाज आणि त्याच्या दोन्ही बाजूंची मर्यादा लिहावी. मोजणीच्या आकड्यांत शून्ये खूप असतात, तेव्हा साध्या सरासरीच्या कसोटीऐवजी मोजणीच्या आकड्यांसाठीची संख्याशास्त्रीय प्रतिमाने (मॉडेल) वापरावीत.

फरक आढळला, तर तो इतर नेहमीच्या फरकांच्या शेजारी ठेवून पाहावा. युरोपातील इकोजेन प्रकल्पात बीटी मक्याखाली मातीच्या जीवांत दिसलेले फरक ऋतू, मातीचा प्रकार आणि मशागत यांमुळे पडणाऱ्या फरकांपेक्षा लहान होते. याचा अर्थ ते नगण्य आहेत असा घेऊ नये, पण एका नांगरटीने गांडुळे जितकी कमी होतात तिच्याशी तुलना केल्याशिवाय कोणत्याही घटीचे वजन कळत नाही. म्हणून आपल्या रचनेत शक्य असेल तर मशागतीचा एक फरकही जाणीवपूर्वक ठेवावा. अनेक गट मोजले असतील, तर वीसपैकी एखादा योगायोगानेही ‘सार्थ’ निघतो. मुख्य गट कोणता हे आधीच लिहून ठेवलेले असले, की नंतर सोयीचा गट निवडता येत नाही.

अहवालात वाणांची पूर्ण नावे, जनुकीय घटनेची (जनुक पिकात बसवताना झालेल्या विशिष्ट बदलाची) ओळख, बीजप्रक्रिया, प्रत्येक फवारणीची तारीख व मात्रा, मातीचा पोत, आधीची पिके आणि प्रत्येक वाफ्याचे कच्चे आकडे द्यावेत, सरासऱ्या नव्हेत. ओळख पटलेल्या जीवांपैकी काही नमुने ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बाटलीच्या आत टाकून जपावेत. बाहेरचे लेबल अल्कोहोलच्या एका थेंबाने पुसले जाते. वाफ्यांचे कोपरे जमिनीखाली पुरलेल्या धातूच्या तुकड्यांनी खुणावून ठेवावेत, म्हणजे नांगरणीनंतरही पुढच्या हंगामाची मोजणी त्याच जागी करता येईल.